झडती

जेल रोडला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट,
तिसरा मजला, लिफ्ट आहे, तिच्या मनात असेल तेव्हा.
खारी इथली सहा वर्षांची मालकीण.
मला तिची भाडेकरू म्हटलं तरी चालेल.

वृंदा मंगळवारी आली, पिंपळगावहून,
द्राक्षांचे दोन क्रेट घेऊन.
एकात कपडे, कुकर, आईची पितळी पळी.
दुसऱ्यावर चादर बांधलेली, आणि आतून
कुणीतरी सबंध टेम्पोला शिव्या घालत होतं.
"बेदाणा आणि मनुका," ती म्हणाली.
"त्यांना तिथं कशी ठेवू?
तो माणूस मांजराला लाथेनं उठवतो."
एवढंच.
बाकीचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

बिटको चौकातले डॉक्टर गांगुर्डे म्हणाले,
घाई करायची नाही.
आधी बंद दार. मग वास. मग फट.
नजरेला नजर सगळ्यात शेवटी.
आणि जुनीला वाटता कामा नये
की तिचं काही गेलं.

जुनीला.
मी मान हलवली.

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये काढली मी, नोटांच्या तपासणीला.
पुसट शाई, सरकलेला आकडा,
डोळ्याआधी बोटाला कळायचा.
आणि सुटताना गेटवर रोज माझीच झडती:
डबा उघडा, पिशवी उलटी करा, हात वर.
त्या बाईला माझं नाव पाठ होतं,
कोणत्या वारी कोणती भाजी तेही,
तरी झडती ती झडती.

खारी तशीच.
ती दोघं ज्यावर झोपली होती तो टॉवेल
मी तिच्यापुढं ठेवला.
चारी कोपरे तपासले तिनं, घडीच्या आत नाक घातलं,
मग माझ्याकडं पाहिलं,
बंडलात एक नोट कमी निघावी तसं.

मधल्या दाराच्या अलीकडं एक वाटी, पलीकडं दोन.
सुकट असेपर्यंत तह.
वाट्या चाटून झाल्या की फिस्कारणं पुन्हा सुरू.
रात्री आतून वृंदाचा खोकला यायचा.
इतकी वर्षं रात्री या घरात
फक्त फ्रिज बोलायचा.

"ताई, गीझर लावू का?"
"ताई, ही खिडकी उघडली तर चालेल?"
बावन्न वर्षांची बाई,
मोरीच्या दारात उभी राहून विचारायची.
मी हो म्हणायचे. कसं म्हणायचे
ते खारीला ठाऊक.

एका सकाळी ती माझ्या कपात चहा प्यायली.
निळ्या काठाचा, कान तुटलेला,
पाहुण्याला द्यावा असा नाहीच तो.
मी काही बोलले नाही.
तो धुतला, दोनदा,
आणि वरच्या फळीवर, पार मागं ठेवला.
वृंदानं पाहिलं.

अकराव्या दिवशी फट. चपलेएवढी.
आधी मनुकाचं काळं नाक आलं,
मग एक पंजा, मग अर्धी मनुका,
मग खारीची चपराक,
मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही.
डबा पडला, मसूर सगळ्या स्वयंपाकघरात,
बेदाणा गॅसच्या सिलिंडरमागं,
आणि वृंदा किंचाळली,
"मारू नको! ताई, तिला मारू नको!"
माझ्या हातात झाडू होता.
मी तो मसुरासाठीच घेतला होता.

मग आम्ही दोघी जमिनीवर बसून
मसूर गोळा करत राहिलो, पाऊण तास,
झाडू तसाच बाजूला.
ती खडे वेगळे काढत होती,
सवयीनं. मी दाणे.

डॉक्टरांना फोन केला: खारी त्यांच्याकडं पाठ करून बसलीये.
"पाठ केली? मग जमतंय," ते म्हणाले.
मला नाही तसं वाटलं.
पण डॉक्टर ते आहेत.

कप अजून वरच्या फळीवरच आहे.

काल रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले.
माझ्याच खोलीच्या दारात मनुका.
काळोखात काळी, नुसते डोळे.
माझं पाऊल हुंगलं तिनं,
मग घोटा, मग गाऊनची कड,
सावकाश, कुणाची बस चुकत नसल्यासारखी.
मी हलले नाही.
बऱ्याच वेळानं लक्षात आलं,
माझे दोन्ही हात
वर आहेत.